फौजदारबरोबर फ्लॉरेन्स

शाळेत तिला आम्ही फौजदार म्हणायचो. कुणाचा डबा कुणी खाल्ला याचा तपास ती मधल्या सुट्टीतच लावायची आणि शिक्षाही तीच ठरवायची. बारावीनंतर आमच्या वाटा फुटल्या. मी पुण्याला आले, ती आधी मुंबईला आणि मग जर्मनीला गेली. आता बावीस वर्षं ती म्युनिकमध्ये राहते, आणि तिथल्या शिस्तीतही तिला चुका सापडतात. गेल्या जुलैमध्ये आम्ही दोघी चार दिवसांसाठी फ्लॉरेन्सला भेटलो. ती म्युनिकहून रेल्वेनं आली, मी दोन विमानं बदलून. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या फलाटावर मला बघून तिचं पहिलं वाक्य होतं, "किती उशीर गं! मी कधीचा येऊन बसलोय."

कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. मी येतो, मी जातो, मी भाजी टाकतो. पुण्यात लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरातले हसले, तेव्हापासून मी जिभेला वळण लावून 'येते, जाते'वर आणलं. फौजदार जर्मन भाषेतली तिन्ही लिंगं घोटून बसली, पण मराठीत अजून पुल्लिंगीच. त्या फलाटावर मीही "आलो, आलो" करत तिच्या गळ्यात पडलो.

तिनं चार दिवसांचा तक्ता करून आणला होता. वेळ, ठिकाण, तिकीट काढलं की नाही, पाणी कुठं भरायचं, सगळं. शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता: महाराज.

पहिल्या सकाळी घुमट. दुओमो म्हणजे इथलं मुख्य कॅथेड्रल, आणि त्याच्या डोक्यावर विटकरी रंगाचा तो घुमट, जो गावातल्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी अचानक दिसतो. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. आमचे गुडघे आता पन्नाशीतले. "जोतिबाला जातोयस असं समज," फौजदार म्हणाली आणि पुढं निघाली.

या कॅथेड्रलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते बांधायला घेणाऱ्यांचा आगाऊपणा. काम १२९६ मध्ये सुरू झालं. पुढची सव्वाशे वर्षं भिंती, कमानी, खांब असं सगळं उभं राहत गेलं, पण मधल्या अष्टकोनी पोकळीवर छप्पर कसं घालायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोकळी सुमारे ४५ मीटर रुंद. एरवी कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडी साचा उभा करतात, त्यावर विटा रचतात, चुना वाळला की साचा काढून घेतात. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीचा साचा करायला लाकूड कुठून आणणार? बापजाद्यांनी भिंती बांधून ठेवल्या, नातवंडं बघून घेतील म्हणून. आणि नातवंडांत खरोखरच एकजण निघाला. ब्रुनेलेस्की, मूळचा सोनार. १४२० मध्ये त्यानं काम हातात घेतलं आणि साच्याशिवाय १४३६ पर्यंत घुमट मिटवून दाखवला.

त्यानं ते कसं केलं याचा थोडा अंदाज चढताना येतो, कारण घुमट एक नाही, दोन आहेत. आत एक, बाहेर एक, आणि मधल्या फटीतून आपला जिना जातो. भिंत हळूहळू आपल्यावर कलायला लागते, आपणही वाकून चालायला लागतो. एका ठिकाणी विटा उघड्या दिसतात. आडव्या विटांच्या रांगेत ठरावीक अंतरावर एक वीट उभी खोचलेली, पुढच्या थरात ती जरा सरकलेली, असं करत उभ्या विटांची नागमोडी ओळ वर चढत जाते, माशाच्या काट्यासारखी. चुना ओला असताना कललेल्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. फडताळात पुस्तकं पडू नयेत म्हणून आपण दोन्हीकडे जड काहीतरी ठेवतो ना, तसंच. प्रत्येक कडं पूर्ण झालं की ते स्वतःला पेलायचं आणि गवंडी त्यावर उभे राहून पुढचं कडं रचायचे. अशा चाळीस लाखांहून जास्त विटा. साहित्य वर न्यायला त्यानं बैलांचा रहाट केला होता आणि त्याच्या दात्यांची अशी रचना केली होती की ओझं खाली सोडायचं असलं तरी बैल उलटे फिरवावे लागत नसत. बैल एकाच दिशेनं फिरत राहायचे, दिशा यंत्र बदलायचं. हे वाचून फौजदार म्हणाली, "बैलांचा विचार करणारा माणूस चांगलाच असणार."

सातवीत आमची सहल विजापूरला गेली होती. गोल घुमटाच्या सज्जात उभं राहून आम्ही एकमेकींच्या नावानं ओरडलो होतो आणि बाईंनी दोघींना खाली उतरेपर्यंत बोलायला बंदी केली होती. गोल घुमट १६५६ चा, म्हणजे हा त्याच्याआधी सव्वादोनशे वर्षांचा, आणि रुंदीलाही मोठा. पण इथं ओरडायची सोय नाही. आतल्या कठड्यावरून जाताना डोक्यावर भलंमोठं चित्र आहे, जगाच्या अंताच्या दिवशीचा न्यायनिवाडा, आणि त्यातले सैतान पाप्यांना अगदी हाताच्या अंतरावर भाजत असतात. फौजदारनं ते बारकाईनं पाहिलं. शिक्षेचे प्रकार तिला नेहमीच आवडतात.

खाली चौकात ब्रुनेलेस्कीचा पुतळा आहे. मांडीवर नकाशा, हातात कर्कटक, आणि मान वर करून तो स्वतःच्या घुमटाकडे बघतोय. त्याच्या शेजारच्या पायरीवर आम्ही दोघी तशाच मान वर करून बसलो. केळी खाल्ली.

चित्रांच्या बाबतीत मी प्रामाणिकपणे सांगते, माझी क्षमता तीन दालनांची आहे. उफ्फित्सी हे इथलं चित्रांचं मोठं संग्रहालय, आणि या शब्दाचा अर्थ ऑफिसं. सोळाव्या शतकात मेदिची घराण्याच्या ड्यूकनं सरकारी खात्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली. "म्हणजे आपली कलेक्टर कचेरी," फौजदार म्हणाली, आणि मग चार तास आम्ही त्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवल्यासारख्या फिरलो. एक गोष्ट मात्र चित्रांपेक्षा जास्त लक्षात राहिली. घराणं संपत आलं तेव्हा शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिनं १७३७ मध्ये करार करून ठेवला की हा सगळा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. कारणंही लिहून ठेवली: राज्याला शोभा, लोकांना उपयोग, आणि परदेशी माणसांचं कुतूहल चाळवावं म्हणून. म्हणजे आम्ही दोघी घामाघूम होऊन रांगेत उभ्या राहणार, हे त्या बाईनं पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच कागदावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाण्यावरून वाद झाला. मला बाजारातल्या गाड्यावरचं लाम्प्रेदोत्तो खायचं होतं. गाईच्या चौथ्या जठराचे तुकडे रश्शात शिजवून पावात भरून देतात, ही इथल्या कष्टकऱ्यांची जुनी न्याहारी. फौजदारनं नाक मुरडलं. कोल्हापूरला वजडी मिटक्या मारत खाणारी बाई इथं नाक मुरडते, याची तिला आठवण करून दिल्यावर तिनं एक घास घेतला, मग दुसरा, मग स्वतःचं वेगळं मागवलं. पण पाव! इथल्या पावात मीठच घालत नाहीत. शतकानुशतकं घालत नाहीत, आणि का घालत नाहीत याच्या चार वेगवेगळ्या कथा चार माणसं सांगतात. "अळणी!" फौजदार ओरडली. पांढऱ्या-तांबड्या रश्शावर वाढलेल्या जिभेला तो पाव म्हणजे कापूस. याच गावचा कवी दान्ते. राजकारणात हरलेल्या बाजूला होता म्हणून त्याला हद्दपार केलं. परक्याच्या घरची भाकरी किती खारट लागते ते तुला कळेल, असं त्यानं लिहून ठेवलंय. मी ती ओळ आधी कुठंतरी वाचली होती आणि ती नुसती दुःखाची म्हणून सोडून दिली होती. तो अळणी पाव चावताना लक्षात आलं की ओळीत खरंखुरं मीठ आहे. गावाबाहेरचा प्रत्येक पाव त्याला खारटच लागला असणार.

दान्ते परत आलाच नाही. १३२१ मध्ये राव्हेन्ना नावाच्या दुसऱ्या गावी वारला, तिथंच पुरला गेला. नंतर फ्लॉरेन्सला उपरती झाली, अस्थी मागून पाहिल्या, राव्हेन्नानं दिल्या नाहीत. सांता क्रोचे चर्चमध्ये मायकलअँजेलो आहे, गॅलिलिओ आहे, मॅकियाव्हेली आहे, आणि त्यांच्या रांगेत दान्तेची भली थोरली समाधी आहे, रिकामी. राव्हेन्नातल्या त्याच्या खऱ्या समाधीवर दिवा जळतो, त्याचं तेल मात्र दर वर्षी फ्लॉरेन्स पुरवतं. फौजदारनं हे ऐकलं आणि काही बोलली नाही. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात म्युनिकहून दर महिन्याला पैसे यायचे, हे मला माहीत होतं. मीही पुढं काही बोलले नाही.

सांता क्रोचेच्या आसपास फिरताना एका भिंतीवर, आमच्या डोक्याच्या बरंच वर, संगमरवराची छोटी पाटी दिसली. एक रेघ आणि तारीख: ४ नोव्हेंबर १९६६. आम्हा दोघींना भाषांतराची गरज पडली नाही.

माझं माहेर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. आमच्या जिन्यावर खिळ्यानं कोरलेल्या अशाच रेघा आहेत, त्यातली सगळ्यात वरची २०१९ च्या ऑगस्टची. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३. आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री होती. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा घरभर बोटभर गाळ आणि त्याचा तो वास. लग्नाचा अल्बम उघडला तर फोटोंमधली माणसं विरघळून एकमेकांत मिसळली होती. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या पुराबद्दल वाचताना मला कलेच्या इतिहासाआधी वास आठवला. इथं तर गाळात घराघरांच्या तळघरातलं, भट्टीसाठी साठवलेलं तेल मिसळलं होतं. सांता क्रोचेच्या भागात पाणी सहा मीटरच्या वर चढलं. चिमाबुए या तेराव्या शतकातल्या चित्रकाराच्या लाकडी क्रूसावरचा निम्म्याहून जास्त रंग पाण्यानं नेला. तो क्रूस आता दुरुस्त करून पुन्हा टांगलाय, पण गेलेल्या जागा खोट्या रंगवल्या नाहीत. दूरून डोळ्याला बोचणार नाहीत आणि जवळून कळतील, अशा बारीक रेघांनी भरल्या आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ती काढायला देशोदेशीची पोरं-पोरी आली, रांगेत उभं राहून हातोहात पुस्तकं वर देत राहिली. त्यांना इथं चिखलातले देवदूत म्हणतात. आमच्याकडे तालमीची पोरं आली होती. देवदूत कुणी म्हटलं नाही, पण आई अजून त्यांना गणपतीत बोलावून जेवू घालते.

जुना पूल म्हणजे पोन्ते वेक्यो, सोन्याची दुकानं, पुलावर गर्दी. १९४४ मध्ये जर्मन सैन्यानं माघार घेताना शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. फौजदारनं दुकानातल्या एका बांगडीचा भाव विचारला, युरोचे रुपये केले, तोळ्याचा हिशोब लावला आणि गुजरीतल्या सोनाराची बाजू घेत बाहेर आली. पूल झाला.

शेवटची संध्याकाळ. महाराज.

काशिने हे आर्नो नदीच्या उजव्या काठानं पसरलेलं लांबच लांब उद्यान. एके काळी मेदिचींची गुरं इथं असायची, नावही त्यावरूनच. ट्राम आपल्याला त्याच्या तोंडाशी सोडते, पुढं तीनेक किलोमीटर झाडांखालून चालायचं. सायकलवाले, धावणारे, कुत्री फिरवणारे, आणि डास, ज्यांच्याबद्दल तक्त्यात एक अक्षर नव्हतं. पर्यटक हळूहळू विरळ होत गेले. शेवटच्या टप्प्यात आम्ही एका आजोबांना वाट विचारली. फौजदारनं मोडक्या इटालियनमध्ये "कोल्हापूर", "महाराजा", "राजाराम" असे सगळे शब्द वापरून पाहिले. ते कोरा चेहरा करून बघत राहिले. मग मी म्हटलं, "इंडियानो?" "आ, लिंदियानो!" त्यांनी हात लांब केला. सरळ जा, जमीन संपेल तिथं.

लिंदियानो, म्हणजे तो भारतीय. त्याच्या शेजारी सत्तरच्या दशकात बांधलेला तारांवर पेललेला मोठा पूलसुद्धा याच नावानं ओळखला जातो. रोज हजारो माणसं त्यावरून गाड्या हाकतात.

मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते, त्या टोकावर छत्री आहे. खांबांवरचं छप्पर, आणि आत अर्धपुतळा: रंगीत. डोक्याला मंदिल, गळ्यात मोत्यांच्या माळा, कोवळी मिशी. पांढऱ्या संगमरवराच्या गावात चार दिवस काढल्यावर तो रंग एकदम आपल्याकडचा वाटतो, जत्रेतला, देवळातला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० मध्ये, समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याच्या काळात, इंग्लंडला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट पाहिलं, आणि रोज काय पाहिलं ते इंग्रजीत डायरीत लिहीत गेले. ती डायरी पुढं लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला इथं, तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्समध्ये, वारले. वय वीस. माझा धाकटा आता वीसचा आहे. त्याला एकट्याला गोव्याला पाठवताना मी दोन दिवस झोपले नव्हते.

बरोबरच्या माणसांनी दहन करायचं ठरवलं आणि शहरानं परवानगी दिली. या गावानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. जागा निवडली ती संगमाची. नकाशा बघून ही जागा शोधणारा तो कोण असेल, याचा मी बराच वेळ विचार करत होते. आमच्याकडे पंचगंगा होते ती प्रयाग चिखलीच्या संगमावर, आणि ती कृष्णेला मिळते तो संगम नरसोबाच्या वाडीला. घरापासून हजारो मैलांवर, हाताशी काही नाही, भटजींना हवं ते सामान नाही, पण दोन नद्या कुठं मिळतात हे विचारलं की कुठल्याही गावात कुणीतरी सांगतंच.

छत्री १८७४ ची. आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा, ज्यानं पुढं कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. काळ्या दगडाचा तो राजवाडा आम्ही किती वेळा पाहिलाय, पाहुणे आले की तिकडे, परत पाहुणे आले की परत तिकडे. दोन्हीकडे हात एकाचाच, हे आम्हाला इथं येऊन कळलं.

"आपण कॉलेजात होतो, ते राजाराम याचं की दुसऱ्याचं?" फौजदारनं विचारलं.

याचंच. राजाराम कॉलेज या महाराजांच्या स्मरणार्थ. आम्ही दोघींनी दोन वर्षं तिथं काढली, नाव दिवसातून दहा वेळा तोंडात, आणि नावामागे एक पोरगा आहे हे डोक्यात आलं नाही. शाहू महाराजांच्या मुलाचं नावही राजाराम. राजारामपुरी, राजाराम बंधारा ही त्यांच्या काळातली. धाकट्याच्या नावाखाली थोरला झाकला गेला. इथं आजोबांना माणूस कुठं आहे ते माहीत होतं, नाव नव्हतं. तिकडे नाव चौकाचौकात आहे. मी हे फौजदारला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि हा जगला असता तर? पुढची दत्तकं झाली नसती. मग शाहू महाराज?" आम्ही दोघी गप्प झालो. कोल्हापूरच्या माणसानं हा विचार शेवटपर्यंत करायचा नसतो. त्या पोराच्या समोर उभं राहून तर नाहीच.

माझ्या आईनं फोन करायला सांगितलं होतं. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले, इकडे ऊन अजून झाडांच्या शेंड्यावर. तिनं फोन उचलला तेव्हा आधी पाऊसच ऐकू आला, पत्र्यावरचा.

"जेवलासा काय गं दोघी?"

"अजून नाही काकू," फौजदार म्हणाली. "हे बघा, महाराज."

मी फोन छत्रीकडे धरला. आईनं चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ आली, नुसतं कपाळ दिसायला लागलं. मग तिनं हात जोडले. "केवढासा आहे गं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "कुणी फूल-बील वाहतंय का तिथं?"

पायथ्याशी फूल नव्हतं. फौजदार बाजूच्या गवतातून जांभळी रानफुलं तोडून घेऊन आली आणि कठड्याच्या गजांतून आत टाकली. दोन आत पडली, बाकीची गजांत अडकली.

"तिकडे पाऊस किती?" मी विचारलं.

"बंधाऱ्याला ३४ फूट म्हणतात. पोरं येऊन सांगून गेली, लागलं तर सामान वर घेऊ म्हणून. तू नको काळजी करूस." मग जरा थांबून, "आणि तिथं? तिथल्या नदीला पाणी किती?"

मी काठापर्यंत गेलो. फौजदारनं माझ्या हातातून फोन घेतला, कॅमेरा उलटा केला आणि हात लांब करून आर्नोवर धरला.